अठ्ठेचाळीस भेटींची वही

वही फक्त भरायची होती. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मी काही मोठा कट रचला होता. कट रचायला जी चिकाटी लागते ती माझ्या अंगात असती, तर वही वेळच्या वेळी भरलेली असती आणि ही हकीकत लिहायची पाळी आली नसती.

मी लोणावळ्याच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. शिवाय मी विद्यापीठाचा मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक आहे. हे दुसरं वाक्य मी तीन वर्षांपूर्वी पितळेच्या पाटीवर कोरून घेतलं आणि दाराबाहेर लावलं. पाटी लावली त्या दिवशी सोसायटीतल्या चार जणांनी वळून पाहिलं. दोघांनी विचारलं, क्लास किती वाजता असतो. माझ्या मार्गदर्शनाचा हा सर्वांत धामधुमीचा काळ.

माझ्याकडे संशोधक विद्यार्थिनी एकच. तेजल ओव्हाळ. घोरावाडीला राहते आणि तळेगावच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जितके तास तितकीच नोकरी. तिचा विषय 'लोहगडवाडी परिसरातील पर्यटन आणि स्त्रियांचे हंगामी व्यवसाय'. विषय तिनेच निवडला. मी लगेच होकार दिला, कारण पुण्याला जाता-येता मळवलीपाशी खिडकीतून लोहगड मी इतक्यांदा पाहिला होता की मला तो घरचाच वाटायचा. वर मात्र कधी गेलो नव्हतो. भूगोलाच्या माणसाने सगळीकडे जायचंच म्हटलं तर नकाशे कशाला काढले, असं माझं एक मत होतं. होतं.

तर तेजलचा प्रबंध तयार झाला होता. एकतीस मार्चच्या आत तो विद्यापीठात सादर झाला, तर तिच्याच महाविद्यालयात निघालेल्या कायम जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. सहा वर्षांनी निघालेली एकच जागा. प्रबंध सादर करायला तपासणी समितीचं प्रमाणपत्र हवं होतं. आणि समितीला हवी होती वही.

वहीचं पूर्ण नाव 'संशोधन मार्गदर्शन नोंदवही'. तिच्याबद्दलचं बावीस पानी परिपत्रक विद्यापीठाने दोन वर्षांपूर्वी पाठवलं होतं आणि मी ते अतिशय जपून ठेवलं होतं. इतकं जपून, की ते पहिल्यांदा उघडलं ते एका शनिवारी, समिती येत्या बुधवारी येणार असा प्राचार्यांचा फोन आल्यावर. आत लिहिलं होतं : मार्गदर्शकाने संशोधकाला महिन्यातून किमान दोनदा भेटावे. प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, चर्चा आणि सूचना नोंदवाव्यात. दोघांनी सह्या कराव्यात. संशोधन क्षेत्रावर आधारित असेल तर मार्गदर्शकाने वर्षातून दोनदा त्या जागी स्वतः जावे. दोन वर्षांच्या झाल्या अठ्ठेचाळीस भेटी, पैकी चार लोहगडवाडीला.

मी डोळे मिटून झालेल्या भेटी आठवल्या. तीन आठवल्या. त्यातल्या एकीत तिने पेढे आणले होते, आणि दुसरीत ती तेजल नसून गॅसचं पुस्तक न्यायला आलेली कुणीतरी मुलगी असण्याची शक्यता होती.

"मग तेजललाच विचारा ना," सविता म्हणाली. सविता म्हणजे माझी पत्नी. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाली. समोरच्याने फॉर्म पुरा भरल्याशिवाय ती मान वर करत नसे, ती सवय अजून आहे. "ती पोरगी येत असते की. तिला माहीत असेल कधी कधी आली ते."

"मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला विचारायचं, की मी तुला मार्गदर्शन कधी केलं?"

"न केलेलं लिहिण्यापेक्षा बरं."

"लिहिणार आहे ते न केलेलं नाही. उशिरा नोंदलेलं आहे."

तिने नुसतं पाहिलं. पोस्टात पिनकोड न लिहिलेल्या पाकिटाकडे ती असंच पाहत असणार. पण माझा एक मान होता. आता मागे वळून बघताना त्या मानाचं वजन करावंसं वाटतं. त्या दिवशी तेजलला एक फोन केला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. का, ते पुढे येईल.

सोसायटीत बातमी पसरायला जिना पुरतो. पंचायत समितीतून निवृत्त झालेले भिमाजीअण्णा संध्याकाळी येऊन म्हणाले, "येवले, समिती म्हंजे जेवण. गोडाचं नीट ठेवा, वही उघडत पन न्हाईत." हा सल्ला मी मनापासून मानला. बुधवारी समितीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या पिशवीतून डबा काढला आणि आमचे चोवीस गुलाबजाम तसेच राहिले, पण ते नंतर.

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे प्रदीपराव आले. हे तळेगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत. त्यांच्याकडे वर्षातून दोनदा ऑडिट येतं. ते आत आले तेच पाच पेनं खिशाला लावून.

"सर, एकाच पेनाने लिहायला घेतलंय का? गेलात तुम्ही." त्यांनी माझ्या हातातून वही काढून घेतली. "निळं, काळं, परत निळं. मध्ये एक पेन बंद पडलं पाहिजे, अर्ध्या ओळीत. दोन ठिकाणी तारीख खोडायची. एका पानावर कपाचं वर्तुळ. खोटं रजिस्टर ओळखतात कशावरून? स्वच्छ असतं."

"प्रदीपराव, हे खोटं नाही. उशिरा—"

"तेच ते. आमच्याकडे त्याला रेकॉर्ड अद्ययावत करणं म्हणतात."

जेवणाचं टेबल आवरून आम्ही बसलो. मी तारखा पाडत होतो. कॅलेंडर समोर धरून महिन्यातले दोन दिवस निवडायचे. कॉलेज असताना मी घरी कसा, असा प्रश्न नको म्हणून बहुतेक रविवारच निवडले. क्षेत्रभेटीही रविवारीच. मी चर्चा लिहायचो : 'गृहीतकांवर सखोल चर्चा'. पुढच्या भेटीत : 'गृहीतकांवर अधिक सखोल चर्चा'. तिसाव्या भेटीपर्यंत इतकं खोल गेलो, की खाली आणखी काही शिल्लक राहिलं नाही. मनगट भरून आलं.

"द्या, सूचनांचा रकाना मी भरतो," प्रदीपराव म्हणाले. "तुमचं आणि माझं अक्षर सारखंच घाण आहे."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आत त्यांचं पेन यंत्रासारखं चालत होतं. अर्ध्या तासात अठरा पानं. त्यांनी चहाचा कप उचलून पान सव्विसावर ठेवला, उचलला, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "झकास."

त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहितोय. दोन वर्षं मी तेजलचा प्रबंध वाचला नव्हता, तसंच हेही वाचलं नाही.

सोमवारी तेजलला सह्यांसाठी बोलावलं. ती कॉलेज सुटल्यावर लोकलने आली. नेहमीची कापडी पिशवी खांद्याला. सविताने तिला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा जो आवाज सुरू झाला तो माझ्यासाठी होता.

"तेजल, थोड्या सह्या आहेत. औपचारिक."

तिने वही उघडली. पहिल्या पानावरची तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"सर, वाचून सही करू का न वाचता?"

तिने अगदी साधं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

"वेळ जाईल वाचण्यात," मी म्हणालो.

ती अठ्ठेचाळीस वेळा सही करत बसली. मी समोर बसून होतो. आमची एवढी लांब भेट आधी झाली नव्हती. शेवटची सही झाल्यावर तिने पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "सर, एकतीस मार्चच्या आत होईल ना?"

"माझ्यावर सोड," मी म्हणालो.

तिने दोन वर्षं तेच तर केलं होतं.

बुधवारी समिती आली. अध्यक्षा पुण्याच्या डॉ. राजेश्वरी मॅडम, चष्मा डोक्यावर, वाचताना खाली. बरोबर एक सदस्य होते, ते सगळ्याला "बरोबर" म्हणायचे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी आणि तेजल भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. मॅडमनी वही मधूनच उघडली. पान सव्वीस. कपाचं वर्तुळ पाहून त्या थोड्या थबकल्या, मग मोठ्याने वाचू लागल्या.

"'सूचना : तपासणी केली. असामान्य आवाज नाही. गळती आढळली नाही. पुढील देखभाल पंधरा दिवसांनी.'"

मॅडमनी वही माझ्याकडे वळवली.

"येवले सर, हे कशाबद्दल आहे?"

कॉम्प्रेसरबद्दल होतं. प्रदीपरावांचा हात वीस वर्षं तेच लिहीत आला होता, त्याला पीएच.डी.चं काय. मी घसा साफ केला. "मॅडम, ही माझी एक पद्धत आहे. प्रबंधातला अनावश्यक शब्दांचा आवाज, आणि मुद्द्यांची गळती..."

"बरोबर," सदस्य म्हणाले.

"आणि हे पुढच्या पानावर, 'तेल पातळी समाधानकारक'?"

मी म्हणालो, "ते... उत्साहाबद्दल आहे."

मॅडमनी चष्म्यावरून तेजलकडे पाहिलं. तेजल मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्या बोलण्याने दुसऱ्या माणसाचे कान लाल होतात हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडम पानं उलटत गेल्या. मी मनात म्हणत होतो, संपलं आता, प्रमाणपत्र काढा, गुलाबजाम घ्या. त्या थांबल्या.

"क्षेत्रभेट. चौदा जुलै, रविवार. 'स्वतःच्या वाहनाने लोहगडवाडी येथे सकाळी अकरा ते दुपारी दोन.'"

"हो मॅडम."

"जुलैतल्या रविवारी?"

इथे मला थांबून सांगितलं पाहिजे. मावळात राहणाऱ्या कुणालाही विचारा, जुलैतल्या रविवारी लोहगडाकडे गाडीने जाता येतं का. गाडी जात नाही. गाडी खालच्या भाजे गावापासून रांगेत उभी राहते आणि आतली माणसं गाडीतच डबे सोडून खातात. हे पानवाल्याला माहीत आहे, शाळेतल्या पोरांना माहीत आहे. लोणावळ्यात पंचवीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला माहीत नसावं, हे कसं झालं मला सांगता येणार नाही. कॅलेंडरात चौदाच्या चौकोनात जागा रिकामी दिसली, एवढंच.

"त्या रविवारी मी मुलीला घेऊन लोहगडाला निघाले होते," मॅडम म्हणाल्या. "साडेचार तास भाज्यापाशी बसून परत फिरले. तुम्ही कसे पोचलात?"

"मागच्या रस्त्याने."

"असा रस्ता आहे?"

"आहे मॅडम."

"मग दाखवाच," त्या उठल्या. "नियमात क्षेत्राची पडताळणी आहेच. जेवण झालं की निघू."

मग त्यांनी डबा उघडला.

महाविद्यालयाच्या जीपमध्ये पुढे मी, कारण रस्ता मला माहीत. मागे मॅडम, सदस्य आणि तेजल. मळवलीचं फाटक ओलांडलं आणि पहिल्याच वळणावर ड्रायव्हरने विचारलं, "सर, कुठून?" मी ठामपणे उजवीकडे हात केला. जीप एका रिसॉर्टच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. वॉचमनने सलाम केला.

"डावीकडून, सर," मागून तेजल हळू आवाजात म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक वळणाला ती हेच म्हणत राहिली. "डावीकडे, सर." "सरळ, सर." "इथं जरा हळू घ्यायला सांगा, सर, खड्डा आहे." वर पोचेपर्यंत मागचा रस्ता आलाच नाही आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. मला वाटतं, मार्गदर्शन म्हणतात ते हेच असावं. ते जीपच्या मागच्या सीटवरून चाललं होतं.

लोहगडवाडीत पायऱ्यांच्या अलीकडे निळ्या ताडपत्रीखाली भामाबाईंचं दुकान आहे. भजी, चहा, ताक, लिंबू सरबत. बुधवार असल्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं. जीप थांबताच साठीच्या भामाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"आगं तेजल! आज बुधवारी कशी काय? आन ही पावणी कोन?"

"भामामावशी, ह्या विद्यापीठातल्या मॅडम आहेत. आणि हे माझे—"

मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, ह्यांना ओळखता?"

भामाबाईंनी मला खालून वर पाहिलं. वहीप्रमाणे मी इथे चारदा आलो होतो, एकदा तीन तास.

"न्हाई बा. ड्रायवर हायेत का?"

"हे तेजलचे मार्गदर्शक आहेत."

"मंजी?"

"तिचे सर."

भामाबाईंचा चेहरा एकदम उजळला. "आरं द्येवा! मंजी हे ते झोपल्यालं सर व्हय?"

सदस्य म्हणाले, "बरोबर."

"मावशी!" तेजल कळवळून म्हणाली.

"आगं तूच म्हनली व्हतीस की! मी इच्यारलं, तुजं सर काय म्हनले, तर तू म्हनलीस, मावशी, सर झोपले व्हते. येकदा न्हाई, लय येळा." मग माझ्याकडे वळून अगदी मायेने, "काय दुखनं हाय का तुमास्नी? आमच्या भावकीत बी येकजन असाच दिसभर झोपायचा. साखर निगाली त्याला."

मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्यापुढे भज्यांची बशी ठेवली. साखर नसलेल्या माणसाने काय करायचं असतं ते मी केलं. एक भजं उचललं.

मॅडम बाकावर बसल्या. "मावशी, तेजल इथे काय करते?"

"काय करती? इच्यारती. दोन वरसं झाली, पोरगी पावसात बी येती, उनात बी येती. आदी तिनं लिवलं व्हतं, हितल्या बाया चार म्हैनं धंदा करत्यात. मी म्हनलं, चार कुटलं? पावसाचं चार म्हैनं भजी, मंग हिवाळ्यात शाळंच्या सहली, त्यास्नी जेवान, मंग उनाळ्यात करवंदं, जांभळं. बाईमानसाला हंगाम संपतुय कुटं? तर तिनं समदं खोडलं आन परत लिवलं. वाचून बी दावलं मला."

मॅडमनी पर्समधून नोंदवही काढली, बाकावर ठेवली. तेजलकडे पाहून शांतपणे विचारलं, "ह्या सह्या तुमच्या?"

"हो मॅडम."

"अठ्ठेचाळीसही?"

"हो."

"ह्या भेटी झाल्या?"

आता बोलायची पाळी माझी होती. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं, भामाबाईंना सुद्धा. माझ्या तोंडात भजं होतं. ते गरम होतं, हे खरं आहे, पण इतकंही गरम नव्हतं.

"मी सरांच्या घरी जात होते, मॅडम," तेजल म्हणाली. "दर दुसऱ्या शनिवारी. ह्या तारखांना नाही. सह्या मी परवा एका बैठकीत केल्या. न वाचता. ती चूक माझी आहे."

"तिची नाही," मी म्हणालो. अर्धं भजं तोंडात असल्यामुळे ते नीट ऐकू गेलं नाही. गिळून परत म्हणालो. "मी करायला लावल्या. वहीतलं सगळं मी... आणि माझ्या शेजाऱ्याने लिहिलंय."

माणसाने खरं बोलावं ते निदान मोकळ्या तोंडाने.

तेजलने पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. कोपरे दुमडलेले, वर ब्राऊन पेपर. "परिपत्रकात लिहिलंय की एक प्रत संशोधकाने स्वतःकडे ठेवावी. म्हणून मी पहिल्यापासून ठेवत होते."

परिपत्रक तिने वाचलं होतं. बावीस पानं. दोन वर्षांपूर्वी.

मॅडमनी वाचायला घेतलं. पहिलं पान मनात, मग का कुणास ठाऊक, मोठ्याने. कदाचित मला ऐकवायचं होतं.

"'नऊ मार्च. सर घरी होते. प्रकरण तीन दिले. सरांनी हातात धरून पाहिले. चांगले भरीव झाले आहे म्हणाले.

'तेवीस मार्च. सर बाहेर गेले होते. काकूंनी तक्ता सात तपासला. एकशे बेचाळीस नव्हे, एकशे चोवीस स्त्रिया. दुरुस्त केले.

'सहा एप्रिल. सर जेवत होते. नमुना निवडीविषयी विचारले. सर म्हणाले, ते असतंच.

'वीस एप्रिल. सर झोपले होते. काकूंनी प्रकरण चारची सुरुवात मोठ्याने वाचायला लावली. दोन वाक्ये कापली. आता बरे वाटते.'"

एकूण एक्केचाळीस नोंदी. कुठे तक्रार नाही, कुठे उद्गारचिन्ह नाही. ती एक्केचाळीस वेळा माझ्या दारात आली होती. पाटी वाचून बेल वाजवली होती. मी घरात बसून अठ्ठेचाळीस खोट्या भेटी रचत होतो तेव्हा एक्केचाळीस खऱ्या ब्राऊन पेपरच्या वहीत तयार पडल्या होत्या. फक्त विचारायचं होतं.

आणि सविता. स्वयंपाकघरातून कधी कधी कुणीतरी वाचल्यासारखा आवाज यायचा. मला वाटायचं रेडिओ आहे.

समितीचा निर्णय आठ दिवसांनी आला. सविताने पाकीट फोडून माझ्यासमोर ठेवलं आणि या वेळी मी सगळं वाचलं. माझी नोंदवही रद्द. तेजलची वही ग्राह्य. मला तीन वर्षं नवा विद्यार्थी नाही, आणि मार्गदर्शन कसं करावं याच्या सात दिवसांच्या वर्गाला विद्यार्थी म्हणून बसायचं. हे ठीक होतं. पुढे लिहिलं होतं, की खोट्या नोंदींवर सही केल्याबद्दल संशोधक विद्यार्थिनीला लेखी समज देण्यात येत आहे आणि तिची प्रत तिच्या फाईलीत राहील.

ती समज माझ्या नावाची होती. राहणार तिच्या फाईलीत. मी मॅडमना दोन पत्रं लिहिली, एकदा पुण्याला जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, "सह्या तिच्या आहेत, येवले सर. तुम्हाला हे वाचायला दोन वर्षं उशीर झाला."

शेवटचं कलम असं : प्रमाणपत्रापूर्वी मार्गदर्शकाने संपूर्ण प्रबंध वाचावा आणि दर आठवड्याला एक अशा चार प्रत्यक्ष भेटी नोंदवाव्यात. हातात पाच आठवडे होते. म्हणजे विद्यापीठाने मला शिक्षा दिली ती वाचण्याची, आणि मी ती चुकवली तर जागा तेजलची जाणार होती.

जिन्यात प्रदीपराव भेटले. त्यांना सगळं कळलं होतं. "सर, माझंच चुकलं," ते खऱ्या दुःखाने म्हणाले. "तेल पातळी लिहायला नको होती."

मी घरी वाचायला बसलो, तर दुसऱ्या पानावर डोळा लागला. सवय होती. म्हणून मंगळवारी सकाळी प्रबंध पिशवीत घातला, मळवलीला उतरलो आणि चालत वर गेलो. तीनदा बसलो. एका आजींनी मला काठी देऊ केली. दोनशे बारा पानं आणि दोन गुडघे घेऊन मी निळ्या ताडपत्रीखाली पोचलो.

"आलं व्हय सर!" भामाबाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची झटकली. "आज जागं हायेत."

तिथे झोप लागणं शक्य नव्हतं. दर दहा मिनिटांनी भामाबाई विचारत, "कुटवर आलं?" मी सांगायचो, पान चाळीस. पान त्र्याऐंशी. प्रकरण पाचमध्ये भामाबाईच होत्या, नाव बदलून. त्यांच्या दिवसाचं तासातासाचं कोष्टक. समोर भामाबाई पाण्याचा हंडा घेऊन चढत होत्या, आणि कागदावर लिहिलं होतं, किती वेळा, किती अंतर, किती चढ. मी पंचवीस वर्षं फळ्यावर समोच्च रेषा काढतोय. त्या रेषांवरून कुणी हंडा घेऊन चढतं, हे मी एकदाही शिकवलं नव्हतं.

ऋणनिर्देश मी शेवटी वाचला. प्रथेप्रमाणे पहिलं नाव माझं. 'माझे मार्गदर्शक प्रा. डॉ. कैलास येवले यांनी मला संशोधनाचे पूर्ण स्वातंत्र्य दिले.' दुसरी ओळ सविताची, तिसरी भामाबाईंची. दोन्ही माझ्यापेक्षा लांब. माझ्याबद्दलच्या त्या एका वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मी ते तीनदा वाचलं आणि मग चहा मागवला.

ठरल्याप्रमाणे दुपारी तास संपवून तेजल आली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही.

"सर, बसा ना."

"तेजल, पान एकशे सतरा. शाळेच्या सहलींची संख्या तू दोन वर्षांची घेतलीस, भज्यांची तीन वर्षांची. तुलना चालेल का?"

ती पिशवी खाली ठेवून माझ्याशेजारच्या बाकावर बसली, पान उघडलं, भुवया जवळ आल्या. "नाही चालणार," ती म्हणाली. "हे काकूंनाही नाही दिसलं." मग दोन तास आम्ही ते पान सोडवत होतो. मधे ती दोनदा म्हणाली, नाही सर, तसं नाहीये. दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं.

निघण्यापूर्वी मी नवी वही काढली. एकाच पेनाने लिहिलं : भेट क्रमांक एक. मंगळवार. स्थळ लोहगडवाडी. वेळ पाच तास दहा मिनिटे. पान एकशे सतरावरील तक्त्याबाबत मार्गदर्शन केले. खाली सही केली आणि वही तिच्याकडे दिली.

"वाचून कर," मी म्हणालो.

तिने वाचलं. सावकाश, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून. मग माझ्याकडे न बघता पेन काढलं, 'मार्गदर्शन केले' यावर एक सरळ रेघ मारली, वर बारीक अक्षरात लिहिलं 'वाचन व चर्चा केली', आणि सही केली.